डाव्या टाकीसाठी उजवीकडे

जुन्या स्प्लेंडरला टाकीच्या खाली, डाव्या गुडघ्याजवळ एक छोटा कॉक असायचा. चालत्या गाडीने अचानक आचके द्यायला सुरुवात केली की चालवणारा मान खाली न घालता डावा हात तिथे न्यायचा, कॉक फिरवायचा, दोन-तीन सेकंदांत इंजिन पुन्हा पकड घ्यायचं. मागे बसलेल्याला एवढंच कळायचं की गाडी रिझर्व्हला लागली. आता बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं आणि कॉक गेला, त्यामुळे माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान असलेल्यांना हा प्रकार ठाऊकही नसेल. पण तो कॉक तिथे बसवणाऱ्याने मोठं शहाणपणाचं काम केलं होतं. रस्त्यावरची नजर न काढता, हॅन्डल न सोडता, अंधारातसुद्धा तो हाताला लागायचा.

हा लेख अशाच एका कॉकबद्दल आहे. फक्त तो विमानात होता, आणि पायलटच्या डाव्या खांद्याच्या मागे होता.

आधी एक फरक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. विमानाचं इंजिन इंधनाअभावी बंद पडण्याचे दोन प्रकार असतात आणि अपघाताचा तपास करणारे त्यांना दोन वेगळी नावं देतात. टाक्या खरोखर कोरड्या पडल्या तर ते 'फ्युएल एक्झॉशन'. १९८३ साली एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ मध्ये पौंड आणि किलोचा घोळ झाला आणि विमान हवेत असतानाच इंधन संपलं, ते हे. दुसरा प्रकार 'फ्युएल स्टार्व्हेशन', म्हणजे इंजिनाची उपासमार. यात विमानात इंधन असतं, पण ते इंजिनापर्यंत पोहोचत नाही. घरात धान्य आहे आणि कोठाराची किल्ली सापडत नाही, तसं काहीसं.

छोट्या विमानांत हे होऊ शकतं, कारण त्यांच्या टाक्या सहसा दोन असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते पायलटला ठरवावं लागतं. सेस्ना १७२ सारख्या विमानात पंख डोक्यावर असतात, पेट्रोल आपोआप खाली उतरतं, त्यामुळे तिथे कॉकला 'दोन्ही' अशी एक जागा देता येते. पंख खाली असले की पेट्रोल पंपाने ओढून घ्यावं लागतं. अशा वेळी दोन्ही टाक्या एकदम जोडल्या आणि त्यातली एक रिकामी झाली, तर पंप भरलेल्या टाकीतलं पेट्रोल सोडून रिकामीतली हवा ओढत बसतो. (शीतपेयात दोन स्ट्रॉ घाला, एक बाहेर ठेवा आणि दोन्ही तोंडात धरून ओढून बघा.) म्हणून अशा विमानांत एका वेळी एकच टाकी. डावीवर थोडा वेळ, मग उजवीवर थोडा वेळ, असं पायलटने घड्याळ बघत करायचं. म्हणजे हा कॉक फक्त अडीअडचणीला लागत नाही, प्रत्येक लांब उड्डाणात लागतो.

आता माणूस. 'टेक मी होम, कंट्री रोड्स' हे गाणं कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलमध्ये ऐकू येतं. ज्याने म्हणून गिटार विकत घेतली त्याने आठवड्याभरात ते वाजवायचा प्रयत्न केलेला असतो. ते गाणारा जॉन डेन्व्हर. १९७१ चं गाणं. 'लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन' हेही त्याचंच. त्याचे वडील अमेरिकी हवाई दलात पायलट होते आणि त्यांनीच त्याला विमान चालवायला शिकवलं. हौशी श्रीमंत गायकाचं खेळणं, असा हा मामला नव्हता. त्याच्या नावावर २७०० हून जास्त तासांचं उड्डाण होतं. १२ ऑक्टोबर १९९७ ला तो गेला तेव्हा ५३ वर्षांचा होता.

दारू पिऊन गाडी चालवण्याच्या प्रकरणांमुळे अमेरिकेच्या विमान प्रशासनाने त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र अमान्य केलं होतं, म्हणजे नियमाने त्या दिवशी त्याने उडायलाच नको होतं. हा मुद्दा अर्थातच चघळला गेला. पण शवचिकित्सेत दारूचा किंवा कुठल्याही अमली पदार्थाचा अंश सापडला नाही. त्यामुळे तो विषय मी इथेच सोडतो. खरं जे घडलं ते त्याहून जास्त विचार करायला लावणारं आहे.

विमान होतं लाँग-ईझी. बर्ट रुटान या अफलातून डिझायनरचं. याच रुटानच्या 'व्हॉयेजर' विमानाने १९८६ मध्ये कुठेही न उतरता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. लाँग-ईझी दिसायला उलटं विमान आहे. छोटा पंख पुढे, मोठा पंख मागे, इंजिन आणि पंखा पायलटच्या पाठीमागे, आणि दिशा बदलणाऱ्या रडरच्या पट्ट्या शेपटीऐवजी पंखांच्या उभ्या टोकांवर. उभं करून ठेवताना त्याचं पुढचं चाक आत घेतात, त्यामुळे ते विमानतळावर नाक जमिनीला टेकवून गुडघे टेकल्यासारखं बसलेलं असतं. आत दोघांची जागा, एकामागे एक. चालवायची दांडी उजव्या हाताशी.

रुटान हे विमान विकत नसे, त्याचे आराखडे विकायचा. ते घ्यायचे, फोम आणि फायबर ग्लास आणायचं आणि घरच्या गॅरेजमध्ये महिनोन् महिने खपून विमान उभं करायचं. अमेरिकेत हे कायदेशीर आहे. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं की विमान 'एक्सपेरिमेंटल' वर्गात जातं आणि तसं आत ठळक लिहावं लागतं. कारखान्यात बनणाऱ्या विमानांना जे बारीकसारीक नियम लागतात, उदाहरणार्थ इंधनाचा कॉक कसा असावा, त्यावर काय लिहिलेलं असावं, तो 'बंद'वर चुकून जाऊ नये म्हणून काय करावं, ते या वर्गाला तसेच्या तसे लागत नाहीत. आराखड्यात बदल केला तरी तुम्हाला कोणी अडवत नाही. तुम्ही वापरणारे आहात तसे निर्मातेही आहात.

रुटानच्या आराखड्यात कॉक पायलटच्या समोर, दोन मांड्यांच्या मधे होता. डेन्व्हरने जे विमान विकत घेतलं ते बांधणाऱ्या माणसाने कॉक तिथून हलवला. कारण सरळ होतं: बसायच्या जागेतून पेट्रोलची नळी जायला नको. उद्या आपटलंच विमान तर मांडीवर पेट्रोल सांडून आग नको. हा विचार मूर्खपणाचा अजिबात नाही. मी त्याच्या जागी असतो तर डिझाइन रिव्ह्यूमध्ये मीही मान डोलावली असती. त्याने खरा कॉक मागे इंजिनाकडे ठेवला, त्याला एक लांब पोलादी नळी जोडली आणि त्या नळीच्या टोकाचं हॅन्डल पायलटच्या डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर आणलं.

त्या हॅन्डलवर काहीही लिहिलेलं नव्हतं. वर म्हणजे बंद. खाली म्हणजे उजवी टाकी. आणि उजवीकडे म्हणजे डावी टाकी.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वाचलं. उजवीकडे म्हणजे डावी. ज्याने बांधलं त्याला यात काही वावगं वाटलं नसणार. नळी कशी फिरते, तिचं दुसरं टोक कुठे आहे, हे त्याने स्वतः जोडलेलं. लेबलं त्याच्या डोक्यात होती. एकच माणूस बनवणार आणि तोच वापरणार, तोवर असं चालून जातं. आमच्याकडेही एखाद्याने स्वतःपुरती लिहिलेली स्क्रिप्ट असते, तिच्यात एक म्हणजे नाही आणि शून्य म्हणजे हो असतं, आणि ती वर्षानुवर्षं मुकाट चालते. अडचण विमान विकलं जातं तेव्हा सुरू होते. डोक्यातली लेबलं विक्रीच्या कागदांबरोबर जात नाहीत.

पेट्रोल किती उरलंय ते दाखवणारे गेजही असेच. मागच्या सीटजवळ दोन्ही बाजूंना पारदर्शक पट्ट्या, त्यांवर आकड्यांच्या खुणा नाहीत, आणि टाकीच्या आकारामुळे पट्टीवरचं अर्धं म्हणजे टाकीतलं अर्धं असंही नाही. पुढच्या सीटवरून त्या नीट दिसत नसत.

अपघाताच्या आदल्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या सांता मारिया इथे डेन्व्हरला या विमानाची अर्ध्या तासाच्या आसपास ओळख करून दिली गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माँटेरेच्या विमानतळावर होता. तिथे एका देखभाल तंत्रज्ञाने त्याला उड्डाणाच्या तयारीत मदत केली आणि दोघांचं जे बोलणं झालं ते तपासाच्या नोंदीत आहे. सबंध प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दोघांनी मिळून त्या विमानातले जवळजवळ सगळे दोष शोधून काढले होते. हॅन्डलपर्यंत हात पोहोचत नाही, हे लक्षात आलं. मग त्यांनी हॅन्डलला एक पकड लावून ते लांब करून पाहिलं. डेन्व्हर सीटवर बसला, हात मागे नेला, तरी पोहोचेना. मग तो म्हणाला की टाकी बदलायची वेळ आली की ऑटोपायलट लावीन, विमान सरळ राहील, तेवढ्यात वळून कॉक फिरवीन. गेज दिसत नाही, हेही लक्षात आलं. तंत्रज्ञाने त्याला एक छोटा आरसा दिला, खांद्यावरून मागचं गेज बघायला. टाक्यांत पेट्रोल कमी आहे, हेही तंत्रज्ञाने पाहिलं आणि सांगितलं: एका टाकीत अर्ध्याहून कमी, दुसरीत पावाहून कमी. भरून देऊ का, असंही विचारलं. डेन्व्हर म्हणाला, तासभरच उडणार आहे, नको.

शिवाय रडरची पेडल्स त्याच्या पायांना लांब पडत होती, म्हणून पाठीशी एक उशी घेतलेली. म्हणजे तो सीटवर आणखी पुढे सरकला, आणि हॅन्डल तेवढंच आणखी मागे गेलं.

म्हणजे बघा, यातली कुठलीच गोष्ट लपलेली नव्हती. प्रत्येक दोषाला उत्तर होतं. हात पोहोचत नाही, ऑटोपायलट. दिसत नाही, आरसा. पाय पोहोचत नाहीत, उशी. यादी केली असती तर प्रत्येक ओळीसमोर बरोबरची खूण आली असती. आमच्या धंद्यात याला 'वर्कअराउंड' म्हणतात आणि त्याचा एक स्वभाव असतो: तो शांतपणे बसून, सगळं सुरळीत चाललंय असं धरून आखलेला असतो. ऑटोपायलट लावून मागे वळायची युक्ती तीन हजार फुटांवर, ठरलेल्या वेळी टाकी बदलायला पुरेशी आहे. पण कॉक न ठरलेल्या वेळीही लागतो. इंजिन खोकलं की लागतो. तेव्हा उंची किती असेल, हे त्या विमानतळावरच्या बोलण्यात कुठेच आलेलं दिसत नाही.

पाचनंतर त्याने उड्डाण केलं. आधी तीन वेळा विमान धावपट्टीला टेकवून पुन्हा उचललं. नव्या विमानाचा हात बसावा म्हणून पायलट हे करतात. मग तो किनाऱ्याकडे निघाला. ५ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्यावर फिरायला आलेल्या लोकांनी विमान पाहिलं. साधारण ३५० ते ५०० फूट उंची. अनेकांनी 'फट्' असा आवाज किंवा इंजिनाचा आवाज एकाएकी उतरल्याचं सांगितलं. विमान वर उचललं गेलं, उजवीकडे कलंडलं आणि नाक खाली करून समुद्रात कोसळलं.

पाचशे फुटांवर इंजिन गेलं म्हणजे माणूस मेलाच, असं नसतं. लाँग-ईझी हवेत चांगलं तरंगत जाणारं विमान आहे. पंख सरळ ठेवून पाण्यावर उतरवायचा प्रयत्न तरी करता आला असता. मग ते उजवीकडे का कलंडलं? हा प्रश्न अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या, म्हणजे एनटीएसबीच्या तपासनिसांना पडला आणि त्यांनी तो सोडवण्यासाठी जे केलं ते मला फार आवडतं. ते दुसऱ्या एका लाँग-ईझीत स्वतः जाऊन बसले.

खांद्यामागचं ते हॅन्डल फिरवायला काय काय करावं लागतं, याच्या त्यांनी पायऱ्या लिहिल्या. डावा हात स्वतःच्याच डाव्या खांद्यामागे तसा वळत नाही, म्हणून उजवा हात वापरावा लागतो. म्हणजे पहिल्यांदा उजव्या हातातली दांडी सोडायची. मग खांद्यावरचा पट्टा सैल करायचा. मग कमरेपासून वरचं अंग डावीकडे जवळजवळ काटकोनात वळवायचं. मग हॅन्डल फिरवायचं, न बघता किंवा मान मोडून बघत, उजवीकडे म्हणजे डावी हे आठवत. हे करून पाहताना त्यांना एक गोष्ट आढळली जी आराखड्यात बघून कोणाला कळली नसती. अंग डावीकडे वळवलं की तोल सांभाळायला उजवा पाय आपोआप ताठ होतो आणि समोर जे असेल त्यावर रेटला जातो. समोर उजवं रडर पेडल होतं. ते दाबलं गेलं की विमान नाक वर करून उजवीकडे कलंडतं.

प्रयोग करणाऱ्यांचा पाय असा जात होता. ते जमिनीवर होते, इंजिन बंद पडलेलं नव्हतं, खाली समुद्र नव्हता.

अवशेषांत कॉक सापडला तो धड कुठल्याच टाकीवर नव्हता, अधल्यामधल्या जागी होता.

जानेवारी १९९९ मध्ये मंडळाने निष्कर्ष दिला. कारण म्हणून पहिल्यांदा येतो पायलट: हॅन्डल फिरवताना त्याचं लक्ष विचलित झालं आणि नकळत उजवं रडर दाबलं गेलं. पेट्रोल न भरणं, हेही कारणातच. त्यानंतर 'कारणीभूत घटक' या खालच्या पायरीवर बांधणाऱ्याने निवडलेली हॅन्डलची जागा, गेजवर नसलेल्या खुणा, अपुरं प्रशिक्षण, या विमानाचा कमी अनुभव.

ही उतरंड वाचून चिडलेला एक माणूस म्हणजे ब्रूस टोग्नाझिनी. ॲपलच्या सुरुवातीच्या काळातला इंटरफेस डिझायनर. त्याने त्याच वर्षी यावर एक लेख लिहिला. सॉफ्टवेअरवाल्यांत तो आजही फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की डेन्व्हरला त्या इंटरफेसने मारलं. या म्हणण्यामागे मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची. पायलट फ्लॅप्स आत घ्यायच्या ऐवजी चाकंच आत घ्यायचे. थकवा, निष्काळजीपणा, सगळी नावं ठेवून झाली. अल्फॉन्स चापानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे. त्याने एकावर छोटं रबरी चाक आणि दुसऱ्यावर पाचरीसारखा तुकडा बसवला. हाताला न बघता कळायला लागलं. आज मोठ्या प्रवासी विमानांत चाकांच्या खटक्याची मूठ चाकाच्या आकाराची असते, तो नियमच आहे. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी पायलटांच्या 'चुकांचे' ४६० अनुभव गोळा केले, आणि त्यातल्या बऱ्याचशा चुका यंत्राच्या मांडणीने करवून घेतलेल्या निघाल्या.

म्हणजे डेन्व्हरच्या अपघाताच्या ५० वर्षं आधी हे शास्त्र उभं होतं. तरीही टोग्नाझिनीशी माझं पूर्ण जमत नाही. इंटरफेस वाईट असला की वापरणारा फसतो, हे बरोबर. पण डेन्व्हर फसला नव्हता. त्याला हॅन्डलची जागा माहीत होती, पोहोचत नाही हे माहीत होतं, पेट्रोल कमी आहे हे ऐकलेलं होतं. टाक्या भरल्या असत्या तर त्या तासाभरात कॉकला हातच लावावा लागला नसता; त्या विमानातल्या सगळ्या दोषांवर एकदम पुरून उरेल असा तो एकच उपाय होता, आणि तो पाच-दहा मिनिटांचा होता. त्यामुळे पेट्रोल न भरणं 'कारणा'त घातलं ते मला मान्य आहे. मान्य नाही ते रडर. ज्या हालचालीत तपासनिसांचाही पाय पेडलवर गेला, तिला पायलटचं लक्ष विचलित होणं म्हणायचं आणि तेच हॅन्डल तिथे बसवण्याला नुसता घटक, हे मला उलटं वाटतं. कुणाचाही पाय जाणार असेल तर तो त्या पायाचा दोष कसा?

मंडळाने पुढे शिफारशीही केल्या. घरी बांधलेल्या विमानांत इंधनाच्या कॉकवर आणि गेजवर स्पष्ट खुणा असाव्यात, अनोळखी विमान घेणाऱ्याने त्याचं रीतसर प्रशिक्षण घ्यावं, अशा अर्थाच्या. अहवालाच्या मुख्य निष्कर्षात 'अनमार्क्ड' हा शब्द दोनदा येतो, एकदा हॅन्डलसाठी, एकदा गेजसाठी. विमान हाताने बांधायला माणसाला वर्षं लागतात. डावी, उजवी, बंद एवढं लिहून चिकटवायला एक दुपार लागली नसती, आणि विमान पहिल्यांदा विकलं गेलं त्या दिवशी ते करायचं राहून गेलं.